मला कावीळ झाली नव्हती

दहावीच्या वर्षी मी शाळेतून एकदम दिसेनाशी झाले, तेव्हा आईनं कुरकुंभात सगळ्यांना सांगितलं की छायाला कावीळ झालीय. लोक चांगले. कुणी उसाचा रस आणून दिला, कुणी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता दिला. शेजारच्या काकू माझ्या डोळ्यांत वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "पिवळं तर काय दिसंना." आई म्हणायची, "उतरतीय आता."

मला कावीळ झाली नव्हती. मला मनाचा आजार झाला होता. आज मी शिक्रापूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हे लिहायला घेतलं तेव्हा एका सहकाऱ्यानं सुचवलं, "मॅडम, नाव बदलून लिहा. तुम्हाला मुलगी आहे, उद्या तिचं लग्न करायचंय." मी म्हणाले, तिच्यासाठीच तर खऱ्या नावानं लिहितेय.

दादांचे कपडे

माझे वडील, म्हणजे दादा, कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तीन पाळ्यांची नोकरी. त्यांच्या युनिफॉर्मला एक आंबूस, औषधासारखा वास यायचा. कितीतरी वर्षं तो वास आला की मला बरं वाटायचं, कारण तो आला म्हणजे दादा घरी आले.

दहावीत सहामाही परीक्षेच्या आसपास एक दिवस मी त्यांचा शर्ट खुंटीवरून काढला आणि मनात आलं, याला काही विषारी लागलेलं असलं तर? ते माझ्या हाताला लागलं, आणि माझ्या हातून आईच्या ताटात गेलं तर? मी हात धुतले. बरं वाटलं. जरा वेळानं परत तोच विचार आला, परत धुतले.

दिवाळीपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी स्वयंपाकघरात जाणं सोडलं. दादा बसतात ती खाट, ते उघडतात ती कडी, त्यांच्या चपला, सगळं मला वर्ज्य झालं. दादा कंपनीतच आंघोळ करून, कपडे बदलून यायला लागले. तरी मी भिंतीला चिकटून उभी राहायची.

मग आजार वहीत शिरला. लिहिताना तो विचार मनात आला की ते अक्षर मला बाटल्यासारखं वाटायचं. खोडायचं, परत काढायचं. परत विचार, परत खोडायचं. दौंडच्या ज्या शाळेत मी पहिल्या तिनात असायची, तिथं माझे पेपर अर्धे कोरे जायला लागले. वर्गशिक्षक म्हणाले, "नाटकं बंद कर. अभ्यास झाला नाही तर सरळ सांगावं." मी सगळ्यात जास्त अभ्यास केलेला असायचा.

एका संध्याकाळी दादांनी माझ्यासमोर भाकरी धरली. मी मागं सरकले. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि आईला म्हणाले, "माझ्या आज्याच्या हातचं पाणी गावात चालत न्हवतं. ते आमच्या लोकांनी मोडलं. आन् आता माझ्याच लेकीला माझा हात चालंना."

मला दादांची किळस नव्हती. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. पण हे सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते, आणि त्या वयाच्या मुलीला असे शब्द देणारं शाळेतही कुणी नव्हतं. त्या वाक्याचा घाव मी बरी झाल्यावरही बरेच दिवस ओला राहिला.

कवठे येमाईच्या पलीकडं

आईचं माहेर कवठे येमाई. मामानं मला बघितलं आणि निदान करून टाकलं, बाहेरचं झालंय. आमचं घर बौद्धांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि अंगारे-धुपारे म्हटलं की दादा उठून बाहेर जाणारे. मामानं कुठल्याशा वस्तीवरच्या देवऋष्याचं नाव काढलं तेव्हा आता घरात भांडण होणार, या तयारीनं आम्ही बसलो होतो. दादा तसबिरीकडं पाठ करून म्हणाले, "एकदा बघून येऊ."

दादा किती घाबरलेत, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या माणसानं मला धुरासमोर बसवलं, केसाला धरून डोकं हलवलं आणि विचारलं, "कोण हायस तू? काय पायजे तुला?"

मी म्हणाले, "साबण पाहिजे."

मामा पुढं होऊन म्हणाला, "बघा, आतली बोलतीय आत्ता." देवऋष्यानं लिंबाचा फोक उचलला. तेव्हा दादा उठले. "चला. बास झालं," एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर मला हाताला धरावं म्हणून त्यांचा हात पुढं आला आणि मधेच थांबला. मग ते माझ्यापासून चार हात लांबून, माझ्या बरोबरीनं, एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले.

असलं तर

कंपनीत आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर यायचे. हातांना लावायला मलम मिळेल म्हणून दादांनी मला त्यांच्याकडं नेलं. त्यांनी माझे हात बघितले आणि मलम लिहिलंच नाही. "ही कातडी मलमानं बरी होणार नाही," म्हणाले, आणि पुण्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडं जायला सांगितलं.

दौंडहून पुण्याला रेल्वेच्या शटलनं गेलो. मी कशालाही हात न लावता सगळा प्रवास उभ्यानं केला. गाडी हलली की पडायला व्हायचं, तरी दांडी धरली नाही. लोक बघत होते. आई पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघत बसली होती.

डॉक्टर मॅडमनी आई-दादांना जरा बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "दादांच्या कपड्यांत खरंच विष आहे असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग हात का धुतेस?"

"असलं तर?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे 'असलं तर' आहे ना, हाच तुझा आजार. तुझा हट्ट नाही, नाटक नाही, बाहेरचंही काही नाही. पुष्कळांना होतो. याला नाव आहे आणि यावर उपचार आहेत."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. ते नंतर वाटलं. आधी राग आला. एवढे महिने मी स्वतःला सडकं समजत होते, आणि याला नाव होतं? पुस्तकात छापलेलं, उपचार असलेलं नाव? मग माझ्या शाळेत, जिथं आम्हाला अमिबाचेसुद्धा सगळे भाग पाठ करायला लावत, तिथं कुणालाच ते माहीत कसं नव्हतं?

दादांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "मी नोकरी सोडतो मॅडम. दुसरीकडं कुठंबी बघतो. मग व्हईल का पोरगी बरी?"

"अजिबात सोडू नका. तुम्ही नोकरी सोडलीत की आजार म्हणेल, बघ, माझं खरं होतं."

दादांनी मान हलवली. ते वाक्य त्यांना लगेच पटलं. युनियनमध्ये वावरलेला माणूस होता. कुणापुढं कधी माघार घ्यायची नाही, ते त्यांना कळायचं.

साबण सिस्टरकडं

मॅडमनी मला एका सरकारी दवाखान्यात भरती करून घेतलं. आई माझ्याजवळ राहिली. तिथं सकाळी स्टीलच्या पेल्यात चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी वरण-भात, संध्याकाळी व्हरांड्यात फिरणं. वॉर्डातल्या सिस्टर उंच, कडक आवाजाच्या. पहिल्याच दिवशी माझा साबण काढून घेऊन म्हणाल्या, "हा माझ्याकडं राहील. आंघोळीला, जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर मिळेल. बाकी मागायचा नाही."

मी मागितला. रडले. मग शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे आईलाही माहीत नव्हतं. सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. "आणखी दे. शिव्या चालतील, साबण नाही."

शेजारच्या खाटेवर बारामतीकडच्या एक मावशी होत्या. दिवसभर कुणाशी बोलत नसत. एका सकाळी त्यांनी माझा चहा आणून दिला आणि देताना त्यांची बोटं पेल्यात बुडाली. मी पेला खाली ठेवला. त्या बघत उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या, "माझ्या हातचं घरी बी कुणी घेत न्हाई आता."

मी तो चहा प्यायले. एकेक घोट, तळापर्यंत. मावशी खाटेवर जाऊन माझ्याकडं तोंड करून झोपल्या. मी या दवाखान्यात येईपर्यंत अशा वॉर्डाबद्दल ऐकलेलं सगळं साखळदंड आणि ओरडण्याबद्दल होतं. मला तिथं भेटलेली माणसं दमलेली होती, बस. आपल्या घरातली माणसं दमतात तशी.

बाही

उपचार म्हणजे काय ते मॅडमनी सरळ सांगितलं होतं. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. आधी दाराची कडी, मग व्हरांड्यातला बाक, मग माझीच चप्पल. शेवटी त्या दादांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिली पाळी संपली की तसेच या. युनिफॉर्मवर."

दादा म्हणाले, "पोरीला तरास द्यायला येऊ का मी?"

"तिला घरी न्यायला या," मॅडम म्हणाल्या.

ते आले. निळा युनिफॉर्म, खिशावर कंपनीचं नाव, तोच आंबूस वास. वॉर्डाच्या दारात येऊन थांबले. मॅडमनी त्यांना माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. दादांनी उजवी बाही पुढं केली आणि खाली जमिनीकडं बघत बसले.

मी हात ठेवला. आता आई मरणार आणि माझ्यामुळं मरणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं तितकं खरं वाटत होतं. मॅडम म्हणत होत्या, "काढू नकोस. काही करू नकोस." मी दातावर दात धरून बसले. भीती चढत गेली, आता याच्यापुढं जागाच नाही इतकी चढली. आणि मग मी काहीही न करता ती उतरायला लागली. हळूहळू, दुखणं उतरावं तशी. मला कुणी हे सांगितलं असतं तर पटलं नसतं. भीती आपोआप उतरते. तिला साबण लागत नाही.

दादांनी विचारलं, "आता काढतीस का हात?"

मी म्हणाले, "राहू दे जरा."

आईनं डबा उघडला. मी त्याच हातानं भाकरी मोडली आणि अर्धी दादांना दिली. त्यांनी ती खाल्ली, पण चावायला त्यांना फार वेळ लागला.

वर्गात

ते वर्ष गेलं. जूनमध्ये मी परत दहावीत बसायला आई-दादांबरोबर दौंडच्या शाळेत गेले. हेडमास्तरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवून सतरा नंबरच्या फॉर्मचं सुचवलं. म्हणजे शाळेत न येता, घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा द्यायची.

"मुलगी हुशार आहे, वाद नाही," ते म्हणाले. "पण वर्गात नको. इतर मुलांवर परिणाम होतो. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? आणि कुणी विचारलं तर कावीळच सांगा, तुमच्याच हिताचं आहे."

आईनं मान डोलावली. मी विचारलं, "सर, मला खरंच कावीळ झाली असती तर वर्गात घेतलं असतं?"

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? ती लिव्हरला होते, हे डोक्यात झालं. मी दोन्हीतून बरी होऊनच आले असते."

हेडमास्तर दादांकडं वळले, मोठ्या माणसानं मोठ्या माणसाकडं बघावं तसे. दादा म्हणाले, "साहेब, पोरगी वर्गात बसंल. तुम्हाला न्हाई म्हणायचं असंल तर तसं मला लिहून द्या."

लिहून काही कुणी दिलं नाही. मी वर्गात बसले.

घरी जाताना आई एसटी स्टँडवर माझ्यापासून बाजूला जाऊन उभी राहिली. "सगळ्यांना कळंल आता," म्हणाली. "तुला कोण करून घेईल गं?" मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती माझ्याजवळ वॉर्डात जमिनीवर झोपली होती. तिनं खोटं माझ्यासाठीच सांगितलं होतं. तरी ते मला पुढं चालवायचं नव्हतं.

वर्गातली मुलं माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. बातमी आधीच पोचली होती. मी नळावर पाणी प्यायला गेले की तिघं-चौघं हात चोळून दाखवायचे. साबणबाई हे नाव पडलं. एका दुपारी भूगोलाचा तास चालू होता. शिकवायला साळवे बाई होत्या. शिरूरच्या, ख्रिस्ती, हळू बोलणाऱ्या. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, सारखे हात धुतल्यानं कावीळ होते का?" वर्ग हसला. बाई त्याला काही बोलणार तेवढ्यात मी उठले.

"बाई, मी सांगते. मला कावीळ झाली नव्हती. मला डोक्याचा आजार झाला होता. नको ते विचार सारखे यायचे आणि ते जावेत म्हणून मी हात धुवायची. दवाखान्यात राहिले. गोळ्या घेते. हात अजून कधी कधी जास्त धुतले जातात. आणखी कुणाला काय विचारायचं असेल तर नळावर नको, इथं विचारा."

मी खाली बसले. बाईंनी तास पुढं चालू केला. टिंगल लगेच थांबली असंही नाही, पण तिच्यातली मजा गेली. जे आपणच सांगून टाकलं त्याच्यावरून चिडवणार किती? दोन दिवसांनी सायकल स्टँडपाशी एक मुलगी मला गाठून म्हणाली, "परीक्षा आली की माझा श्वास अडकतो. घरी म्हणतात ढोंग करते. हे पण आजारात धरतात का?" मग आणखी एक आली. साळवे बाईंनी आम्हाला नकाशांच्या खोलीची किल्ली दिली. तास चालू असताना सहन झालं नाही तर तिथं जाऊन बसायचं, परवानगी मागायची नाही. बाईंचा भाऊ बरीच वर्षं आजारी होता, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

परीक्षेत पहिल्याच पेपरात माझं एक अक्षर वाकडं आलं आणि त्याच क्षणी तो विचार आला. मी खोडलं नाही. तसंच ठेवून पुढं लिहीत गेले. माझा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. घरी सगळे हळहळले. मी सगळे पेपर पूर्ण लिहिले होते.

आता

आजार कायमचा गेला असं मी सांगणार नाही. मुलगी झाली तेव्हा त्यानं परत डोकं वर काढलं. पण या खेपेला मी त्याला लगेच ओळखलं आणि तशीच उठून मॅडमकडं गेले. माझ्या गोळ्या चालू आहेत. मी त्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत घेते. आधी विचारायचे कशाच्या, आता कुणी विचारत नाही. एका सरांनी तेवढं हळूच त्या डॉक्टर मॅडमचा पत्ता विचारून घेतला.

आमच्या शाळेत बरीच मुलं शिक्रापूरच्या खोल्यांमधून येतात. आईबाप कंपन्यांत, ट्रकवर. आठवीतली पूजा बिहारहून आलेली, तिचे वडील क्रेन चालवायचे. चाचणी परीक्षा आली की तिचा श्वास वर चढायचा, हातपाय वाकडे व्हायचे. दोनदा असं झाल्यावर मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना दाखला घेऊन जायला बोलावलं. मी केबिनमध्ये शिरले.

"सर, तिला शिक्षा कशाची?"

"शिक्षा नाही हो मॅडम. पण आपल्या शाळेत असली मुलं नाहीत. नाव खराब होतं."

"आहेत," मी म्हणाले. "शिक्षकसुद्धा आहेत. मी आहे. माझाही दाखला काढा."

सरांना माझ्या आजाराचं माहीत होतं, पण ते असं टेबलावर ठेवलेलं त्यांना नको होतं. त्या दिवशी दाखला निघाला नाही. पुढच्या पालक सभेत मी उभी राहून माझी गोष्ट सांगितली, इथं लिहिली त्याच्यापेक्षा थोडक्यात. एका पालकानं उठून विचारलं, असल्या बाईच्या हाताखाली आमची पोरं ठेवायची का. मी म्हणाले, माझ्या वर्गाचा निकाल बघा आणि मग ठरवा. त्यांनी त्यांचा मुलगा काढला नाही.

आता पुण्याहून एक समुपदेशक ताई दर शनिवारी एसटीनं येतात. पहिल्या शनिवारी कुणीच आलं नाही, आम्ही दोघी चहा पीत बसलो. दुसऱ्या शनिवारी एका मुलाची आई आली. सरांना दारावर 'व्यक्तिमत्त्व विकास' असा बोर्ड पाहिजे होता, म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही. मी हटून बसले. बोर्डावर 'मानसिक आरोग्य' असंच लिहिलं. ज्याचं नाव घ्यायला शाळाच लाजते, ते सांगायला पोर कशाला येईल?

दाखल्याच्या त्या दिवशी पूजाचे वडील तिला घेऊन केबिनबाहेर बाकावर बसून होते. मी बाहेर आले तसे उठले. "मैडम, इसको गाँव भेज दें? वहाँ दादी है."

"नहीं भेजना है."

"ठीक हो जाएगी?"

"इलाज होगा. टाइम लगेगा."

त्यांनी पोरीचं दप्तर बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "आपको भी था, ऐसा बोल रहे थे अंदर. फिर ये भी आपके जैसी टीचर बन सकती है?"

मी म्हणाले, "बनेगी कि नहीं, वो मैं नहीं जानती. क्लास में बैठेगी, इतना पक्का है."

पूजानं दप्तर उचललं. माझा तास आठवीवरच होता. आम्ही दोघी बरोबरच वर्गात गेलो.